कुत्र्यांच्या बोर्डिंगचं मागचं आवार : एप्रिल ते सप्टेंबरच्या नोंदी

६ एप्रिल

बारा खोल्या, प्रत्येक खोलीपुढे कोब्याची छोटी पडवी आणि मागे मातीचं मोठं पटांगण. पटांगणाला सहा फुटी चेनलिंक जाळी. ही वही फक्त दाराबाहेरच्या कामांची आहे. कुत्र्यांचं जेवण, औषधं, मालकांचे फोन यातलं काही इथे येणार नाही. जाळी, कडी, उतार, चिखल, गटार एवढंच.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल. बोर्डिंगला, म्हणजे मालकाशिवाय थोडे दिवस राहायला, आलेला कुत्रा घरच्या कुत्र्यासारखा वागत नाही. त्याला घरी जायचं असतं आणि दिवसभर त्याला दुसरा उद्योग नसतो. आवारात जे काही सैल आहे ते आपल्या आधी त्याला सापडतं.

९ एप्रिल

पूर्वेच्या कोपऱ्यात बीगलने जाळीखालून नाक बाहेर काढलं. काकांनी (हे माझे मदतनीस, वयाने मोठे, म्हणून काका) खड्ड्यात विटा ठोकल्या. सकाळी पाहते तर विटांना लागूनच वीतभर अंतरावर नवा खड्डा. विटा, दगड, लादीचे तुकडे यांनी भोक बुजतं, पण कुत्रा तेवढा बाजूला सरकतो.

जाळी दोन फूट खोल पुरायचा सल्ला सगळे देतात. आमच्या जमिनीत खाली मुरूम आहे. खोदाईची मजुरी जाळीच्या किमतीपेक्षा जास्त होत होती, शिवाय पुरलेली तार जमिनीत सडते आणि सडल्याचं वरून दिसत नाही. म्हणून दुसरा मार्ग धरला. जाळीच्या आतल्या बाजूने, जमिनीवर आडवा, ६० सेंमी रुंद वेल्डमेशचा (तारा एकमेकींना जोडलेल्या ताठ जाळीचा) पट्टा. एक कड उभ्या जाळीला बाइंडिंग तारेने बांधली, दुसरी कड सळईचे यू आकाराचे खिळे ठोकून जमिनीत बसवली, वर थोडी माती. कुत्रा खणतो तो जाळीच्या मुळाशीच. तिथे नख तारेला लागलं की थांबतो. दोन फूट मागे सरकून खणावं हे सहसा कोणाला सुचत नाही.

१२ एप्रिल

पट्टा बसला, पण गड्यांनी बाइंडिंग तारेचे पीळ आतल्या बाजूला ठेवले. एका लॅब्रॅडॉरच्या कुशीवर लांबलचक ओरखडा. जखम वरवरची होती, मालकांना फोटो पाठवून लगेच कळवलं. मग सगळं कुंपण फिरून पकडीने एकेक पीळ बाहेर वळवला. बांधायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच यात गेला. तारेचं टोक नेहमी बाहेर, हे गड्यांना काम सुरू करायच्या आधी सांगायचं. वेल्डमेशची कापलेली कडसुद्धा तशीच सोडू नका. पकडीने दुमडून खाली दाबा, नाहीतर माती धुपल्यावर ती काट्यासारखी वर येते.

१९ एप्रिल

फाटकाची कडी. आमच्याकडे ती उचलून उघडायची होती, शेताच्या फाटकाला असते तशी. जर्मन शेफर्डने नाकाने खालून ढोसलं आणि कडी उचलली गेली. पहिल्यांदा योगायोग वाटला. काका म्हणाले, "ताई, योगायोग कसला, ती कालपासून मी कसं उघडतो ते बघत बसलीय." फाटक लावून आम्ही लांब उभे राहिलो. तिने पुन्हा उघडलं आणि आमच्याकडे पाहिलं.

आता आडवा सरकणारा बोल्ट आहे आणि बोल्टच्या कानाला स्प्रिंगचा हुक. हुक काढायला अंगठा लागतो. त्याच वेळी फाटक बिजागऱ्यांवर उलटं करून आत उघडणारं केलं. बाहेर उघडणाऱ्या फाटकावर कुत्र्याने अंग टाकलं की सगळा भार कडीवर येतो. आत उघडणाऱ्यावर अंग टाकलं की ते चौकटीत आणखी घट्ट बसतं.

२३ एप्रिल

कडी सुधारली तरी माणूस उरतोच. दोन्ही हातांत बादल्या घेऊन आत शिरताना पायामधून कॉकर स्पॅनियल निसटला. थेट रस्ता. कामावरचा नवीन मुलगा त्याच्यामागे पळायला लागला, तसा कुत्रा दुप्पट वेगाने पळाला. काकांनी मुलाला हाक मारून थांबवलं, स्वतः रस्त्याच्या कडेला पाठ करून बसले आणि स्टीलचं भांडं खुळखुळवायला लागले. स्पॅनियल लांबून बघत राहिला, मग वास घेत घेत मागून आला. काकांनी वळूनही पाहिलं नाही. तो भांड्यात तोंड घालेपर्यंत वाट पाहिली आणि मग सरकफासाचा पट्टा गळ्यात सरकवला.

लगेच दुसरं फाटक बांधायला घेतलं. दोन फाटकांमध्ये एक माणूस, एक कुत्रा आणि दोन बादल्या मावतील एवढी जागा. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खर्च टोचला, कारण वेल्डरने मोजमाप न घेता फाटक बनवून आणलं आणि खाली पंज्याएवढी फट राहिली. लहान जातीचा कुत्रा त्यातून आरामात गेला असता. खाली पट्टी जोडून घेतली. आता दोन्ही फाटकांजवळ खिळ्याला एकेक सरकफासाचा पट्टा कायम टांगलेला असतो. रोजचा गळपट्टा घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोक्यावरून काढतो, सरकफास तसा निघत नाही.

४ मे

पडवीचा कोबा दुपारी हात ठेवू देत नाही. हाताचा उलटा पंजा जमिनीला लावून पाच-सात सेकंद टिकला तरच कुत्र्याला बाहेर सोडायचं. आम्ही पटांगणाच्या वेळा बदलल्या. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी जमीन निवल्यावर. मधल्या वेळात फक्त शी-शूसाठी सावलीतल्या कोपऱ्यात, तेही एकेकाला.

पडवीवर पत्रा आहे. पत्रा सावली देतो पण खाली उष्णता फेकतो. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून शेडनेट ताणली, मधून हवा खेळते. फरक हाताला कळतो.

७ मे

पग. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते. पटांगणात इतर कुत्रे नुसते जीभ काढून फिरत होते. हा आडवा झाला, श्वासाला घरघर, हिरड्या गडद लाल. तापमान घेतलं तर ४०.८ अंश सेल्सियस. कुत्र्याचं नेहमीचं ३८.३ ते ३९.२ असतं आणि ४१च्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते. सावलीत घेतलं, नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आतून, पंज्यांवर ओतत राहिलो, समोर पंखा. नवीन मुलाने ओला टॉवेल अंगावर झाकला होता, तो काढायला लावला. झाकलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. ३९.५ला पाणी ओतणं थांबवलं, नाहीतर तापमान खाली घसरत राहतं. मग गाडीत घालून डॉक्टरांकडे. बरा आहे.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना आता उन्हाळ्यात पटांगण फक्त पहाटे. मालक म्हणतात, "घरी तर खेळतो हो." घरी त्याच्याबरोबर बाकीचे पाच-सहा कुत्रे पळत नसतात.

१८ मे

या उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात महागात पडलेलं काम: पडव्यांचा उतार.

मूळ बांधकामात मिस्त्रींनी "उतार दिलाय" असं सांगितलं होतं. उतार होता, पण मधे पोट पडलेलं. धुतल्यावर बारापैकी सहा पडव्यांत डबकं राहायचं, आणि वायपर मारून काढलं तरी ओल राहायची. सतत ओल्या जमिनीवर उभं राहून कुत्र्यांच्या बोटांमधली कातडी लाल होते, ती चाटून चाटून आणखी बिघडते. मालकाला वाटतं अॅलर्जी झाली. आमच्या त्या सहा खोल्यांतल्या कुत्र्यांनाच हा त्रास नेमका होत होता आणि कोरड्या खोल्यांतल्यांना नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. बादलीभर पाणी मागच्या भिंतीपाशी ओता, पाच मिनिटं थांबा, जे डबकं राहील त्याच्या काठाने खडूने रेघ मारा. सगळ्या पडव्या अशा आखून मिस्त्रींना दाखवल्या. नवीन मिस्त्री बोलावले होते. त्यांनी लेव्हल पाइप लावला आणि म्हणाले, "पाणी खोटं बोलत नाही."

आम्ही मीटरला दोन सेंटीमीटर उतार ठरवला. यापेक्षा कमी दिला तर केस आणि शी अडकून पाणी थांबतं. जास्त दिला तर म्हाताऱ्या कुत्र्यांना उभं राहणं जड जातं.

दुसरा प्रश्न पाणी जाणार कुठे. आधी सगळ्या पडव्यांमधून एकच उघडी नाली जात होती. म्हणजे पहिल्या खोलीतली घाण शेवटच्या खोलीतल्या कुत्र्याच्या नाकासमोरून जायची. एकाला जुलाब झाले की खालच्या सगळ्यांना प्रसाद. आता प्रत्येक पडवीचं पाणी पुढच्या भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या झाकलेल्या गटारात पडतं आणि शेजारच्या पडवीत शिरतच नाही. भोकाला जाळी लावली आहे, नाहीतर तिथून उंदीर येतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, आणि तो माणसालाही होतो.

२२ मे

जुन्या कोब्यावर नुसता पातळ थर टाकून वेळ मारून नेण्याचा प्रस्ताव आला होता. एका पडवीत करून पाहिला. पोकळ आवाज यायला लागला आणि नखांनी पापुद्रे निघाले. मग जुना कोबा टाचून खडबडीत केला, धुतला, ओला असतानाच सिमेंटचं पाणी मारलं आणि वर जाड थर घातला. पुन्हा तेवढेच पैसे.

वरचा हात कसा मारायचा यावर मिस्त्रींशी बराच वाद झाला. त्यांना लोखंडी थापीने आरशासारखं करायचं होतं, त्यांच्या दृष्टीने चांगलं काम म्हणजे ते. ओल्या गुळगुळीत कोब्यावर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, वयस्कर कुत्र्याचं कंबरडं जातं. उलट फार खरखरीत ठेवलं तर पंज्यांच्या गाद्या सोलवटतात आणि घाण खाचांत बसते. शेवटी लाकडी रंध्यावर थांबायचं आणि ओलं असताना मऊ झाडू उताराच्या दिशेने एकदा हलका ओढायचा, यावर तडजोड झाली. झाडूच्या रेघा उताराच्या दिशेनेच हव्यात. आडव्या आल्या तर प्रत्येक रेघेत पाणी थांबतं.

नव्या सिमेंटवर आठवडाभर पाणी मारायचं आणि तोवर कुत्रा सोडायचा नाही. ओलं सिमेंट पंज्यांना पोळवतं. त्यामुळे निम्म्या खोल्या बंद आणि ऐन सुट्टीच्या हंगामात बुकिंग नाकारावी लागली. हे काम हंगाम संपल्यावर करा.

३१ मे

कुंपणाबाहेर कण्हेरीची रांग होती, फुलं छान यायची. वारा सुटला की पानं आणि काटक्या आत पडतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि हृदयावर परिणाम करतो. मुळासकट काढली. काढलेल्या फांद्या तिथेच वाळत ठेवू नका, वाळलेली पानंही तितकीच विषारी. शेजारच्या कुंडीतलं सायकसही गेलं, त्याच्या बिया यकृत निकामी करतात. जागा उघडीबोडकी दिसते आहे, दिसू दे.

९ जून

समोरासमोरच्या कुंपणांतून कुत्रे एकमेकांना पाहून भुंकत राहायचे. त्यावर उपाय म्हणून मे महिन्यात जाळीला खालपासून वरपर्यंत हिरवी शेडनेट लावली होती. भुंकणं खरोखर उतरलं. दिसत नाही त्यावर किती भुंकणार!

काल रात्री वादळ झालं. पूर्ण उंचीची, केबल टायने घट्ट बांधलेली नेट म्हणजे गलबताचं शीड. पश्चिमेचे चार खांब आत झुकले, एकाचा पाया मातीसकट उचलला गेला. कुत्रे सगळे आत होते हे नशीब. सकाळी तिकडून उडी मारायला काहीच अडचण नव्हती.

खांब ओळंब्यात घेऊन पाया मोठा केला आणि कोपऱ्यांना तिरके टेकू दिले. टेकू आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला. आतला तिरका टेकू म्हणजे चपळ कुत्र्याला शिडी. नेट आता फक्त खालच्या चार फुटांत आहे, कुत्र्याची नजर तेवढ्यातच असते. आणि ती केबल टायऐवजी सुतळीने बांधली आहे. पुढच्या वादळात सुतळी तुटेल, नेट उडेल, खांब राहतील.

२२ जून

पाऊस लागला आणि पटांगणाचा चिखल झाला. बारीक खडी टाकून झाली. लॅब्रॅडॉर मंडळींनी ती खाल्ली. अतिशयोक्ती नाही, एकाच्या शीमध्ये खडी सापडली आणि एक्सरेसाठी जावं लागलं. आणखी नव्हती, पण त्या दिवसाचं सगळं काम राहिलं. वाळू टाकली ती पहिल्या मोठ्या सरीत गटारात गेली आणि गटार तुंबलं.

चिखल नाहीसा होत नाही, त्याला जागा नेमून देता येते. कुत्रे जिथून धावतात ते मार्ग ठरलेले असतात: फाटकापासून सावलीपर्यंत, आणि कुंपणाला समांतर. तेवढ्याच वाटा थोड्या उंच करून लादी बसवली. लादीच्या दोन्ही कडांना चर, चरात मुठीएवढे गोटे, म्हणजे गिळता येणार नाहीत. मधल्या मातीला हात लावला नाही. फाटकापाशी खडबडीत पायपुसणी आणि पंजे धुवायला उथळ ट्रे.

पंजे धुणं सोपं, सुकवणं अवघड. पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत आणि ओलसर टॉवेलने पुसण्यात अर्थ नाही. जुन्या सुती चादरी फाडून ढीगभर तुकडे केले आहेत, एका कुत्र्याला एक तुकडा, मग धुवायला.

३ जुलै

रात्री साडेनऊला शेवटची फेरी. टेरियर तोंडाला फेस आणून डोकं झटकतोय, पुढच्या पंज्याने तोंड घासतोय. कोपऱ्यात भला मोठा भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक. भेकाच्या कानामागच्या गाठींत विष असतं, तोंडात धरलं की ते हिरड्यांना लागतं. काकांनी कुत्र्याचं डोकं खाली धरलं, मी पाइपचं पाणी गालफडातून बाजूने सोडलं, म्हणजे ते तोंडातून बाहेर पडेल, घशात जाणार नाही. बोटाला फडकं गुंडाळून हिरड्या पुसल्या. बराच वेळ हे चाललं. डॉक्टरांना फोन केला. झटके, तोल जाणं, डोळे फिरणं असं काही झालं तर लगेच आणा म्हणाले. झालं नाही. फेस थांबला.

दुसऱ्या दिवशी शोधलं की भेक तिथेच का. पडवीच्या वर आम्ही पांढरा दिवा लावला होता. दिव्याला किडे, किड्यांना भेक. दिवा काढून लांब, कुंपणाबाहेरच्या खांबावर लावला आणि पडवीत पिवळसर मंद दिवा ठेवला. खाली ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांतही भेक बसलेले सापडले. ते पाणी पिऊनही कुत्र्याला त्रास होऊ शकतो, म्हणून आता बादल्या जाळीला हुकाने टांगलेल्या, छातीच्या उंचीवर. लवंडणंही थांबलं.

१५ जुलै

धुण्याचा क्रम. मुलं आधी शीवरच फिनेल ओततात आणि वास आला म्हणजे स्वच्छ झालं असं समजतात. पिल्लांना मारणारा पार्वो विषाणू फिनेलने मरत नाही, आणि जमिनीत तो महिनोन् महिने जिवंत राहतो. त्याला हायपोक्लोराइट (ब्लिचमधलं औषध) लागतं, पण घाण असलेल्या जमिनीवर हायपोक्लोराइटची ताकद घाणीवरच खर्ची पडते. म्हणून आधी शी उचलायची, मग भरपूर पाणी, मग साबण आणि खराटा, मग पुन्हा पाणी, आणि त्यानंतर औषध. ५ टक्क्यांच्या आसपासचं घरगुती ब्लिच असेल तर एका भागाला ३० भाग पाणी, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला साधारण ३३० मिली. दहा मिनिटं जमीन ओली राहिली पाहिजे. मग धुऊन वाळवायचं आणि त्यानंतरच कुत्रा. कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, ताकद उतरते.

लघवी न धुता ब्लिच ओतलं तर डोळे चुरचुरतात, खोकला येतो, कारण त्यातून विषारी वायू निघतो. संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर तर चुकूनही नको. दोन्ही बाटल्या आम्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो.

ज्याची कल्पना नव्हती ते नुकसान असं: एप्रिलमध्ये बसवलेले फाटकाचे स्प्रिंग हुक ब्लिचच्या शिंतोड्यांनी गंजले. एक तर हातात तुटूनच आला. सगळे स्टेनलेस घेतले, आणि ब्लिच मारताना कड्यांवरून आधी-नंतर साधं पाणी.

२९ जुलै

गोचीड. कुत्र्यांवर औषध होतं तरी भिंतींवर गोचीड चढताना दिसायच्या. तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की कुत्र्यावरून उतरते आणि फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. तिचा ओढा वर चढण्याकडे असतो. आम्ही जमीन धूत होतो आणि ती पत्र्याखालच्या सांध्यात बसली होती. पिलं खायला न मिळताही महिनोन् महिने तग धरतात, त्यामुळे खोली रिकामी ठेवून काही होत नाही.

विटांचे सांधे, चौकटीच्या फटी, पत्र्याखालची भोकं, सगळं सिमेंटने भरलं. फवारणी भिंतीच्या वरच्या टोकापर्यंत, कुत्रे दुसरीकडे हलवून, आणि पूर्ण वाळल्यावरच परत. एकदा करून चालत नाही, अंड्यांतून नवीन निघतात. ठरावीक दिवसांनी पुन्हा. दाखल करताना आता टेबलावर कान आतून आणि बोटांच्या बेचक्या उलगडून पाहतो. सापडली तर मालकासमोर दाखवतो, म्हणजे नंतर "तुमच्याकडूनच लागली" हा विषय निघत नाही.

६ ऑगस्ट

दोन तरुण कुत्रे खेळता खेळता किंचाळले. एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या गळपट्ट्यात अडकला होता. दोघेही ओढत होते, तसा पट्टा पिळला जाऊन एकाचा गळा आवळत होता. ओढून सुटत नाही. काकांनी एकाला उचलून दुसऱ्यावर ढकललं, पीळ सैल झाला, मी बक्कल काढलं. फार थोडा वेळ गेला असेल, पण गळा आवळलेल्या कुत्र्याची जीभ जांभळी पडली होती.

त्या दिवसापासून एकत्र खेळताना कोणाच्याही गळ्यात काही नाही. पट्टे फाटकातल्या खुंट्यांवर, प्रत्येक खुंटीवर खोलीचा नंबर. शिवाय पट्टा कापायची कात्री तिथेच दोरीने बांधलेली.

१४ ऑगस्ट

शीचा खड्डा पावसाने भरला आणि सगळं तरंगून वर आलं. लिहायला नको वाटतं, पण ज्यांना खड्डा करायचा आहे त्यांनी वाचावं. खड्डा आवाराच्या सखल बाजूला होता, कारण तिथे कोणाची ये-जा नव्हती. पाणीही तिथेच जातं. उंचावर नवा खड्डा केला. विहिरीपासून लांब, काठाला विटांचा कट्टा, वर घट्ट झाकण.

रोज उचलणं टाळू नका. गोलकृमीची अंडी ताज्या शीमध्ये लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज उचललं तर ती वेळच येत नाही. एकदा मातीत मिसळली की वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे हे खत भाजीच्या वाफ्यात घालू नका, आणि पटांगणात अनवाणी जाऊ नका. अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात.

७ सप्टेंबर

गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि कापणी आठवडाभर पुढे ढकलली. तेवढ्यात त्याला कुसळं धरली. एका सेटरने डोकं एकाच बाजूला तिरकं धरून कान झटकायला सुरुवात केली. कानात कुसळ. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे आम्ही चिमट्याने काढायला गेलो नाही. डॉक्टरांनी भूल देऊन काढलं. पुढच्या वर्षी फुलोरा यायच्या आत कापायचं. कापण्याआधी पटांगणात वाकून एक फेरी मारायची. कापणी यंत्राखाली रबरी चेंडू गेला तर तुकडे होतात आणि कोणीतरी ते गिळतं. शी गेली तर काय होतं ते नवीन मुलाला विचारा.

गवतावर पिवळे चट्टे आणि भोवती गर्द हिरवी कड दिसते ती लघवीतल्या नायट्रोजनमुळे. कुत्रा लघवी करून बाजूला झाला की त्या जागी डबाभर पाणी ओतलं तर जळत नाही. पटांगणात हे शक्य नाही, पण पुढच्या लॉनवर करतो, कारण मालक आधी तेच पाहतात.

१९ सप्टेंबर

सकाळची फेरी आता अशी ठरली आहे. कुत्रे सोडण्यापूर्वी एक माणूस कुंपणाच्या आतून, हाताने जाळी हलवत, पूर्ण वळसा घालतो. दुसरा बाहेरून त्याच्या समोर चालतो. आतल्याला खणलेलं दिसतं, बाहेरच्याला सैल खांब. पूर्वी एकच माणूस आतून फिरायचा आणि पश्चिमेचा खांब हलतोय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

राहिलेली कामं: पश्चिमेच्या त्या खांबाच्या पायाला भेग आहे, पाया फोडून पुन्हा भरायचा. पूर्वेकडच्या वेल्डमेशवर माती टाकायची, पावसाने तार उघडी पडली आहे. सातव्या पडवीत भोकापाशी अजून हातभर डबकं राहतं. मिस्त्री सोमवारी येणार आहेत, खडूची रेघ मारून ठेवली आहे.